राजीखुशीचा रकाना

गऊआत्यांनी माझा पाय मांडीवर घेतला तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात एक कोरा सरकारी कागद होता. पायाला काहीही झालेलं नव्हतं.

‘‘आत्या, विंचू चावला. उतारा द्याल का?’’ मी विचारलं.

‘‘देते की. त्यालाच तर बसलेय हितं,’’ त्या म्हणाल्या.

माझं काम तेवढ्यात झालं.

हे काम काय होतं ते आज सांगतो. ज्यांना सांगणं भाग होतं त्यांच्याखेरीज बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. लढाईच्या दिवसांत मी नगरच्या मंत्र-चौकशी कचेरीत नोकरीला होतो. कचेरीला पाटी नव्हती. जिल्ह्यात कुणाच्या जिभेवर कोणता मंत्र चालतो याची खबर काढायची आणि तो मंत्र सरकारजमा करायचा, हे खातं. हरवलेलं जनावर बोलावणारे, आग बांधणारे, दुसऱ्याच्या म्हशीचं दूध आटवणारे, सगळे आमच्या यादीत. आम्हा खबऱ्यांना वरवरची एक नोकरी दिलेली असे. मी देवी टोचणारा व्हॅक्सिनेटर होतो. लस खरी होती, टोचणंही खरं होतं. टोचणाऱ्याला कोणत्याही घरात शिरता येतं, आणि पोर रडायला लागलं की घरातली माणसं नको ते बोलून जातात.

खात्यातले दोन शब्द समजून घ्यावे लागतील. पहिला उतारा. तलाठ्याकडे जमिनीचा उतारा मिळतो, तसा आम्ही मंत्राचा घेत असू. फरक इतकाच, की जमिनीचा उतारा घेतला तरी जमीन जागेवर राहते. मंत्राचा घेतला की मंत्र जिभेवरून उठतो आणि कागदावर येऊन बसतो. जबरदस्तीनं हे होत नाही. धन्यानं आपल्या तोंडानं ‘देतो’ म्हणावं लागतं. म्हणून फॉर्मवर रकाना होता : ‘राजीखुशीने दिला काय?’ आणि गावाकडे उतारा म्हणजे विषावरचा उतारा. विंचवाचा मंत्र काढून घ्यायला हा दुहेरी शब्द आम्हाला आयताच सापडला होता.

दुसरा शब्द विसर. काम झालं की खबऱ्यानं वेशीवर उभं राहून विसर म्हणायचा. मग तो गावात आला होता हेच गाव विसरे. हा मंत्र नोकरीबरोबर मिळे आणि नोकरीबरोबर जाई.

ऑर्डर आली तेव्हा मी साहेबांना विचारलं होतं, ‘‘विंचवाच्या मंत्रानं सरकारचं काय बिघडतं?’’

‘‘आज विंचू उतरवते. उद्या शिपायाची गोळी उतरवेल,’’ साहेब म्हणाले. ‘‘तुम्ही टोचता ना? आजार व्हायच्या आधीच टोचता ना? आम्हीही तेच करतो.’’

मला तेव्हा ते पटलं. मी मिशनच्या शाळेत शिकलेला. मंत्र मानायचे नाहीत असं घरचं वळण होतं. जे मानायचं नाही ते काढून घेण्यात पाप कसलं, असं मी स्वतःला सांगितलं.

तर आत्यांनी पाय मांडीवर घेतला आणि मंत्र म्हणायला तोंड उघडलं. खिशातला कागद गरम झाला. अक्षरं उमटतात तेव्हा तो होतोच. आत्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

‘‘इसारले जनू,’’ त्या हसल्या. ‘‘थांब लेकरा, येईल. माझ्या सासूनं दिलेला हाय त्यो, जातोय कुठं.’’

मंत्र आला नाही. त्या घाबरल्या, पण स्वतःसाठी नाही. त्यांनी पदराची चिंधी फाडून माझी पोटरी आवळली. कांदा ठेचून लावला. दुपारभर अंगठ्यानं पाय दाबत बसल्या आणि दर थोड्या वेळानं विचारत राहिल्या, ‘‘कळ कुठवर चढली?’’ मी म्हणत गेलो, गुडघ्यापर्यंत. मग म्हणालो, आता कमी आहे. जाताना गूळ देऊ केला, तर त्यांनी हात मागे घेतला. विंचू उतरवणारा कुणाचं काही घेत नाही, सुपारीसुद्धा नाही. घेतलं तर मंत्र जातो.

वेशीवर विसर म्हणालो आणि नगरला येऊन रिपोर्ट दिला. राजीखुशीच्या रकान्यात ‘होय’ लिहिलं.

दोन महिन्यांनी टोचणीच्या दुसऱ्या फेरीला त्याच गावात ड्यूटी लागली. अर्थात मी नवा माणूस होतो. चावडीत पाटलांनी चौकशी केली आणि बसायला घोंगडी टाकली.

‘‘संबाळून बसा, टोचेमास्तर,’’ ते म्हणाले. ‘‘घोंगडी झटकून घ्या. आमच्या गावात आता इचवाला उतारा न्हाई.’’

मग त्यांनीच सांगितलं. ठकू नावाची लेकुरवाळी बाई बांधाचे दगड उचलत होती. लाल विंचू चावला. तिला उचलून गऊआत्यांकडे नेलं. आत्या मंत्र बोलू शकल्या नाहीत. तिथून बैलगाडी पाथर्डीच्या दवाखान्याकडे वळवली. ठकू वाटेतच गेली. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, आधीच गाडी जुंपली असती तर वाचली असती.

मी आत्यांकडे गेलो. त्यांनी ओळखलं नाही. त्या वाळल्या होत्या. मीठ सोडलं होतं. कुणाच्या हातून आपण काही घेतलं का, हे आठवत बसल्या होत्या.

‘‘तुमी शिकलेलं मानूस,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘काई चुकलं नसताना मंतर जातो का हो?’’

‘‘मला ठाऊक नाही, आत्या,’’ मी म्हणालो.

त्या दिवशी मी एकही पोर टोचलं नाही. पेटी चावडीत ठेवली आणि पाथर्डीहून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार धरली. चढाला आम्ही सगळे उतरून ढकलत होतो. ढकलता ढकलता माझं ठरलं. कागद परत आणायचा. कसा, तेही ठरलं, कारण खात्याच्या नियमात एकच वाट होती : रिपोर्ट खोटा ठरला तर उतारा परत.

‘‘साहेब, माझा रिपोर्ट खोटा आहे,’’ मी सकाळी सांगितलं.

त्यांनी फाईल मागवली, कागद उजेडात धरला. ‘‘मंत्र तर स्वच्छ उतरलाय.’’

‘‘रकाना खोटा आहे. बाई ‘देते’ म्हणाल्या, पण विषावरचा उतारा देते म्हणाल्या. मंत्राचा नाही.’’

साहेबांनी फाईल मिटली. ‘‘सगळे असेच घेतात,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘माहीत आहे. मी माझ्यापुरतं लिहून देतो.’’

‘‘लिहून दिलंत तर तुमचा विसर आजच जमा होईल. तुमच्या प्रत्येक गावाला तुम्ही आठवाल. किती गावं केलीत?’’

‘‘सतरा.’’

‘‘मग? एका म्हातारीसाठी?’’

‘‘ठकूसाठीही. तिचं नाव फाईलीत नाही.’’

‘‘ते यायचं कारणही नाही,’’ साहेब म्हणाले आणि दौत पुढे सरकवली. मी लिहून दिलं, आत्यांचंच नाही, सतराही गावांचं, आणि कागद ताब्यात घेतले. विसर जाताना काही दुखलं नाही. फक्त जीभ थोडी जड झाली.

परत गेलो तर वेशीवरच एक जण थांबला आणि माझ्या पायाकडे बघून म्हणाला, ‘‘बरा हाय का पाय, मास्तर?’’ गावाला सगळं आठवलं होतं.

कागद परत करायचा एकच प्रकार आहे. घेतला कसा ते धन्याला तोंडानं सांगायचं, मग अक्षरं पाण्यात धुऊन ते पाणी त्याला प्यायला द्यायचं. सांगण्यात काही लपवलं तर शाई सुटत नाही. मी तीनदा सांगितलं. दोनदा शाई सुटली नाही. तिसऱ्या वेळी, दुसऱ्या फेरीला येऊन ‘ठाऊक नाही’ म्हणालो तेही सांगितलं. पाणी काळं झालं.

आत्यांनी वाटी हातात घेतली, पण लगेच प्यायल्या नाहीत.

‘‘म्हंजे त्या दिशी तुमाला इचू चावलाच नव्हता,’’ त्या म्हणाल्या. लेकरा म्हणाल्या नाहीत.

‘‘नाही.’’

‘‘मग दुपारभर पाय कशाला दाबून घेतला?’’

 

त्या पाणी प्यायल्या. ओठ हलले आणि शब्द आले. पुटपुटल्यासारखे, पण सगळे. मग त्यांनी वाटी उपडी ठेवली. ‘‘जावा आता. ठकूच्या नवऱ्याला पन सांगा. त्यो बी तवापासनं माज्याशी बोलत न्हाई.’’

मी गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि दार लावलं. नंतर कळलं, तो आत्यांशी बोलायला लागला. माझ्याशी नाही.

खात्यानं मला काढलं. व्हॅक्सिनेटरची नोकरी वेगळ्या खात्याची, ती राहिली. बदली मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. त्या सतरा गावांत पुढची नऊ वर्षं टोचत होतो. आठ गावांत कागद परत करता आले. बाकीच्या कागदांचे धनी तोवर गेले होते किंवा भेटायला तयार नव्हते. आत्यांच्या गावी बाया पोरं घेऊन येत, दंड पुढे करत, आणि टोचून झालं की उठून जात. पाणी कुणी विचारत नसे.

नोकरीत शिकलो ते इतकंच. चेहरा लोकांच्या लक्षात राहणार आहे असं ठाऊक असलं की माणूस रकाना भरताना जरा थांबतो. आता मी टोचणीला येणाऱ्या नव्या माणसांना शिकवतो. त्यांना आधी गावाला आपलं नाव सांगायला लावतो, मग सुई हातात देतो.