आबांच्या डाव्या हाताची मूठ

बोटी सुटायची वेळ झाली की मोरूआबांना घर पुरेनासं व्हायचं. इंजिनांची धडधड कानावर आली की खाटेला बांधलेला दोर धरून ते उठायचे, लुळा पाय ओढत दारापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. थळच्या बंदरात उभा जन्म तांडेल म्हणून बोट हाकलेला माणूस, आणि आता लकव्याने उजवी बाजू गेलेली. त्यांची बोट आता पुतण्या रितेश चालवत होता. घरात आबा आणि लेक भाविका, दोघंच.

भाविका अलिबागला एका दुकानात गळाच्या काठ्या बनवायची. सुटीला येणाऱ्या हौशी लोकांना हाताने केलेलीच काठी लागते. आबांची तगमग बघून तिचाही जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी तिने एक बिनमुठीची काठी घरी आणली. बोट नाही तर नाही, धक्क्यावर बसून गळ तरी टाकतील.

ओसरीवर बसून तिने बुचाच्या चकत्या काठीत एकेक ओवल्या, गोंदाने चिकटवल्या, दाबून वाळवल्या. मग कानस आणि पॉलिश पेपर फिरवून दुकानातल्यासारखी गोल, गुळगुळीत मूठ केली. आबांनी ती डाव्या हातात धरली. उचलायला गेले तशी ती बोटांतून फिरली आणि पायावर पडली.

"लाटणं करून आणलंस काय?" त्यांनी काठी पायाने लोटली. "मना नको ती."

"मग बस दाराशी इंजिनं ऐकत," भाविका बोलून गेली.

आबा भिंतीकडे तोंड करून पडले.

सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा ते उठायच्या खटपटीत होते. दोराच्या गाठीवर डावी मूठ आवळलेली. भाविका तशीच बघत राहिली. अंगठा बोटांवर वळतच नव्हता, गाठीवर नुसता आडवा टेकला होता. बोटीवर कधीतरी मोडलेलं ते हाड वाकडंच बसलं होतं. सगळा जोर तळव्याचा होता.

तिने दुकानात फोन करून सुट्टी सांगितली. जुनं बूच खरवडून काढलं, नव्या चकत्या चढवल्या. तळवा टेकेल तिथे फुगवटा ठेवायचा, वर अंगठ्यापुरती खोलगट जागा काढायची. पण तिला घाई झाली होती. कानस जोरात गेली आणि बुचाचा टवका उडाला. बुचाचा भुगा गोंदात कालवून तिने खड्डा बुजवला. तो वाळेपर्यंत धीर कुठला? पाणी भरलं, येऊन बोट लावलं, चिकट. मासळी साफ केली, पुन्हा बोट लावलं, अजून चिकट. वाळल्यावर मात्र ती डोळे मिटून घासत बसली, मधूनमधून आपल्याच डाव्या हातात मूठ धरून बघत.

तिने काठी खाटेशी उभी केली. आबांनी बराच वेळ तिकडे पाहिलं नाही. मग उचलली. मूठ हातात फिरली नाही.

"भरती कवा हाय?"

"लागलीय आता."

धक्क्यावर पहिला गळ पायाशीच पडला. दुसरा दगडात अडकला. काठीबरोबर आबा पुढे झुकले तसा भाविकाने मागून त्यांचा सदरा धरला.

"सोड. मांगं कोन उभं ऱ्हायलं का मना सुचत नाय."

ती जाळी वाळत घातलेल्या जागेपर्यंत मागे गेली. आबांनी पुन्हा हात उगारला. या खेपेला दोरी लांब जाऊन पडली. बऱ्याच वेळाने एक बारका शिंगाळा मासा गळाला लागला. काठी गुडघ्यांत दाबून एका हाताने तो सोडवताना त्यांनी त्याला आणि समुद्राला दोघांनाही शिव्या घातल्या, पण भाविकाला हाक मारली नाही.

ऊन कलल्यावर दोघं घरी आली. आबांचा तळवा लाल झाला होता. पायही न धुता त्यांनी काठी तिच्या हाती दिली, मग मुठीच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"हितं टोचतंय. उद्याच्या भरतीआधी घास."

भाविका कानस शोधू लागली.