दुसऱ्यांदा ठेवलेला हात

दुपारचं जेवण झालंय. मी पाठीवर पडलेय, मोबाइल छातीवर ठेवलाय आणि त्यातला माणूस मला शुभवर्तमान वाचून दाखवतोय. बार्तीमयाची गोष्ट. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी, येशू जवळून चाललाय हे कळल्यावर ओरडतो. लोक म्हणतात, गप्प बस. तो आणखी मोठ्यानं ओरडतो. मग येशू त्याला बोलावतो, आणि बघता बघता त्याला दिसायला लागतं.

उद्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या उपासनेत हा शास्त्रपाठ मला वाचायचाय. वाचायचा म्हणजे, वाचल्यासारखं करायचं. मी तो पाठ करतेय. हे घरात कुणाला ठाऊक नाही.

डाव्या डोळ्यानं मला लहानपणापासून जेमतेमच दिसतं. सगळी भिस्त उजव्यावर. त्यात मोतीबिंदू वाढला आणि उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. आमच्या श्रीरामपूरच्या चर्चमधल्या मंडळीनं घरोघर प्रार्थना मांडल्या. पट्टी निघाली तेव्हा माझ्या सुनेच्या, जेमिमाच्या बांगड्यांवरची नक्षी मला दिसली आणि मी लहान मुलीसारखी ओरडले. पाळक तुपेसाहेब म्हणाले, "दीनाबाई, आता शास्त्रपाठ पुन्हा तुमच्याच आवाजात." शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, आवाज अजून खणखणीत आहे.

पण पाऊस संपता संपता त्या डोळ्यापुढे काहीतरी साचू लागलं. दुधाची साय धरावी तसं. आता समोरचा माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. आणि कुणी विचारलं, "बाई, दिसतंय ना छान?" की मी म्हणते, "छान दिसतंय, देवाची कृपा."

का म्हणते, तेही सांगते. माझा धाकटा भाऊ आमोस दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. त्याच्यासाठीही याच मंडळीनं प्रार्थना केल्या होत्या, उपास धरले होते. तो गेल्यावर मंडळीतल्या यमुनाबाई अमोलिक प्रार्थनेला यायच्या थांबल्या. माझा डोळा उघडल्यावर त्या परत आल्या. माझे दोन्ही हात धरून रडल्या, म्हणाल्या, "बाई, ऐकतो हो तो. ऐकतो." आता त्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगू?

मोबाइलमधला माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. यरीहो. वाट. गर्दी. बाहेर आभाळ भरलंय, खोलीत अंधारून आलंय. पाय गरम आणि जड झालेत. मोबाइलमधला माणूस खोकतो.

रेकॉर्ड केलेल्या आवाजातला माणूस मधेच कसा खोकेल, असं मला वाटतं, तेवढ्यात तो म्हणतो, "आक्का, तू चुकीचा आंधळा निवडलास."

मी चर्चमध्ये व्यासपीठावर उभी आहे. समोर पवित्र शास्त्र उघडं आहे आणि त्यातली अक्षरं मुंग्यांसारखी रांग धरून खाली उतरून चालली आहेत. मी एका बोटानं त्यांना अडवायला बघते. त्या बोटाला वळसा घालून जातात. बाकांवर मंडळी बसली आहे, पण सगळी झाडं आहेत. गुडघ्यावर हात ठेवून बसलेली, रविवारच्या कपड्यांतली झाडं. दुसऱ्या बाकावर एक उंच अशोक आहे.

"ते तुपेसाहेब," तो आवाज म्हणतो. "आणि ती शेवग्याची बारीक फांदी हलतेय ना, त्या यमुनाबाई. वारा नसला तरी हलतात."

मला हसू फुटतं. चर्चमध्ये हसू नये म्हणून मी पदर तोंडाला लावते. आणि मग तो मला दिसतो. खिडकीपाशी, पायजमा घोट्यापर्यंत दुमडलेला, डोक्याला पंचा. आमोस. सगळं चर्च धुकट आहे आणि तो मात्र लख्ख. त्याच्या पापण्या मोजता येतील. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा दिसतोय.

"तू एवढा स्पष्ट कसा दिसतोस?" मी विचारते.

"माझं काम पूर्ण झालंय," तो म्हणतो. "तुझं अर्ध्यावर आहे. चल."

तो माझं मनगट धरतो. त्याचा हात ओला आहे, लाल मातीनं भरलेला. आमच्याकडची जमीन सगळी काळी, पण त्याची रोपवाटिका होती आणि रोपांच्या पिशव्यांसाठी तो लांबून लाल माती मागवायचा. आम्ही दोन पायऱ्या उतरतो आणि त्या पिशव्यांच्या रांगांमधूनच चाललोय. लिंबू, सीताफळ, मोगरा. पाणी नुकतंच घातलंय. त्याचा मुलगा हे सगळं विकून पुण्याला गेला, हे मला आठवतं. रोपं छान तरारली आहेत.

"कुठला आंधळा निवडायला हवा होता?" मी विचारते.

"बेथसैदाचा."

"तो होय."

"तो म्हणजे? रविवारच्या शाळेत तूच शिकवला होतास. मी तेव्हा विचारलं होतं, येशूला एकदम का जमलं नाही? तू मला बाकावर उभं केलंस."

"तू मुद्दाम विचारायचास."

"मुद्दाम कशाला? खरंच पडलेला प्रश्न होता." तो चालता चालता एका रोपाचं पिवळं पान खुडतो. "आता सांग ना गोष्ट. पाठ तर सगळं असतं तुला."

मी सांगते. लोक त्या आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. त्याच्या डोळ्यांवर थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतंय का? तो वर बघतो आणि म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडं चालावीत तशी दिसतात.

"थांब," आमोस म्हणतो. "इथंच थांब. तो असं का म्हणाला?"

"तसं दिसत होतं म्हणून."

"आणि त्यानं म्हटलं असतं, 'दिसतंय प्रभू, फार छान दिसतंय, तुमची कृपा', तर?"

मी एका रोपाची कललेली पिशवी सरळ करते.

"तर बिचारा जन्मभर झाडांना सलाम करत फिरला असता," आमोस म्हणतो आणि एवढ्या जोरात हसतो की त्याला कमरेवर हात ठेवून उभं राहावं लागतं. आजारी पडायच्या आधी तो असा हसायचा. मीही हसतेय. आमच्या हसण्यानं रोपांच्या पानांवरचं पाणी खाली सांडतंय.

कालव्याचा काठ लागतो. हा आमच्या लहानपणचा कालवा. पलीकडे उसाचे तुरे आणि त्यांच्यामागे ऊन. पाणी पाटात सोडल्यावर येतो तसा खळखळ आवाज येतोय. आई पलीकडच्या काठावर कपडे धूत असावी, धोपटण्याचा आवाज ऐकू येतोय. मला तिच्याकडे जावंसं वाटतं, पण आमोस मनगट सोडत नाही.

"तुला नाही समजायचं," मी म्हणते. "तू गेलास तेव्हा मंडळीची काय दशा झाली ते तू पाहिलं नाहीस. लोक प्रार्थना करायला घाबरायला लागले. माझ्या डोळ्यानं त्यांना धीर दिला. आता मी म्हणू, तोही गेला? देवाचं नाव..."

"देवाची अब्रू तू सांभाळतेस होय?"

तो रागानं बोलत नाही. लहान असताना माझ्या डोक्यावरची पाण्याची कळशी उतरवून घ्यायचा, त्याच आवाजात बोलतो. दे इकडे, जड आहे.

मी काठावर बसते. तोही बसतो आणि पाय पाण्यात सोडतो.

"आक्का, येशूनं त्याला विचारलं ना, दिसतंय का म्हणून. ज्याला 'नाही' ऐकायची भीती असते, तो विचारतो का?"

मी विचार करते. एवढी वर्षं हा उतारा मी वाचला, शिकवला, पण तो प्रश्न मी कधी ऐकलाच नव्हता. अर्धं दिसतंय असं सांगितल्यावर येशू रागावला नाही. तुझा विश्वास कमी पडला, असंही म्हणाला नाही. त्यानं त्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेवला, आणि मग सगळं स्वच्छ दिसलं. आणि तो माणूस पुन्हा हात ठेवेपर्यंत तिथंच उभा राहिला. अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी, पळून न जाता. त्याच्याजवळ काय होतं? एवढंच होतं. खरं बोलणं आणि उभं राहणं.

"आणि तू?" मी विचारते. हे विचारायला मला दोन वर्षं लागली आहेत. "आम्ही एवढं मागितलं तुझ्यासाठी. तुझ्यावर का नाही ठेवला त्यानं हात?"

आमोस माझ्याकडे बघतो. त्याचे डोळे शेवटच्या दिवसांत हळदीसारखे पिवळे झाले होते. आता बुबुळाभोवतीचा पांढरा भाग असा स्वच्छ आहे, धुतलेल्या बशीसारखा.

"नाही ठेवला असं कुणी सांगितलं?" तो म्हणतो. "पहिला हात तुम्ही पाहिलात. यमुनाबाई रात्ररात्र उशाशी बसायच्या, तुपेसाहेब डबा घेऊन यायचे, तू माझे पाय चेपायचीस. तो काय होता? मग मी इकडे आलो. दुसऱ्या हाताच्या वेळी तुम्ही नव्हता, एवढंच."

पलीकडे धोपटणं थांबतं. कुणीतरी ओली साडी झटकतं आणि त्या पाण्याचे तुषार इथपर्यंत येतात. माझ्या आत काहीतरी मोकळं होतं. रडू नाही येत. सणाच्या सकाळी लवकर जाग यावी तसं वाटतंय.

"दुखतं का रे तुला काही?"

"भूक लागते," तो म्हणतो. "मस्त भूक लागते." शेवटचा महिनाभर त्याला पेज जात नव्हती.

मी त्याच्या पाठीवर हात फिरवते. पाठ भरली आहे.

"मग तूच ठेव ना माझ्या डोळ्यावर हात," मी म्हणते.

"मी कोण? माझे हात बघ कसे मातीनं भरलेत, डोळ्यांत जाईल." तो उठतो, मला उठवतो. मनगट पुन्हा घट्ट धरतो. गाव मागे राहिलंय. पुढे वाट आहे आणि वाटेवर एक झाड आहे. किंवा कुणीतरी उभं आहे. मला नक्की कळत नाही.

"इथून पुढे तुझी तू जा," आमोस म्हणतो. "विचारेल तेव्हा खरं सांग. लाजू नकोस. आणि आक्का, मला बाकावर उभं केलंस ते बरं केलंस. तिथून खिडकीबाहेरचं सगळं दिसायचं."

तो हात सोडतो. मी पुढे जाते. एक पाऊल, आणखी एक. पायाखालची वाट गार आहे. जे झाड आहे किंवा कुणी आहे, ते माझ्याकडे वाकतं आणि अगदी जवळून, मायेनं विचारतं,

"दिसतंय का?"

"नाही," मी म्हणते. "नीट नाही दिसत."

"काय?"

"माणसं दिसतात, पण चेहरे नाही दिसत."

"आई?"

जेमिमा माझ्या उशाशी वाकली आहे. खोलीत अंधार आहे, बाहेर सर येऊन गेली असावी. मोबाइल केव्हाच बंद पडलाय. तिचा हात दिव्याच्या बटणावर आहे.

"मी विचारलं, अंधारात दिसतंय का, की दिवा लावू," ती म्हणते. "चेहरे दिसत नाहीत म्हणजे काय आई? कधीपासून?"

आता मी म्हणू शकते, स्वप्नात बोलले गं. ते शब्द जिभेवर तयारही आहेत. पण मला एवढं हलकं वाटतंय की खोट्याचं ओझं पुन्हा उचलावंसं वाटत नाही.

"पाऊस संपल्यापासून," मी म्हणते. "आणि उद्याचा पाठ मी वाचणार नव्हते, पाठ म्हणणार होते."

ती दिवा लावते. आधी रागावते, मग पलंगाच्या कडेला बसून रडते. मग एकदम आपला फोन उचलून डॉक्टरांना लावते. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नाही, तिचं 'हो, हो' तेवढं येतं. फोन ठेवून ती म्हणते, "ऑपरेशनमध्ये बसवलेल्या भिंगामागे पडदा धरतो म्हणे काही जणांना. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तेच असलं तर लेसरनं काम होतं. सोमवारी बोलावलंय. एवढ्यासाठी तुम्ही एवढे दिवस... आई, तुम्हाला काय म्हणावं!"

"उद्या म्हण. सगळ्यांसमोर मीच सांगणार आहे. पाठ तू वाचायचास. बार्तीमयाचा नको, बेथसैदाचा."

"आणि यमुनाबाई?"

"त्यांना मी आज संध्याकाळीच सांगते. त्यांच्या हातचा चहा पिता पिता."

यमुनाबाई रडतील की रागावतील, मला माहीत नाही. पण त्यांच्यासमोर बसून, आमच्या दोघींच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे एकदा मोकळेपणानं बोलायचंय. नंतर दोघींनी मिळून मागायचं, पुन्हा एकदा. परत मागायला लाज कसली?

जेमिमा मला उठवायला हात धरते आणि थांबते. माझं मनगट दिव्याजवळ नेते, उलटंपालटं करून बघते.

"हे काय लागलंय?"

मला दिसत नाही. मी दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपते. मनगटाभोवती काहीतरी वाळून खरखरीत झालंय. एका बाजूला चार बोटांचे पट्टे, दुसऱ्या बाजूला अंगठा. घासलं की भुगा पडतो. मी तो नाकाशी नेते. पाणी घातल्यावर रोपांच्या पिशव्यांना येतो तो वास.

"माती आहे आई," जेमिमा म्हणते. "लाल माती. घरात कुठून आली? थांबा, पाणी आणते, धुऊ."

"राहू दे," मी म्हणते, आणि मला इतकं हसू येतंय की धड बोलता येत नाही. "यमुनाबाईंना दाखवून येते आधी."