बादलीचा तांदूळ

आमच्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांइतका संशयी माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. चपला घ्यायच्या तर सर त्या घालून एस.टी. स्टँडपर्यंत जाऊन यायचे. दुकानदार मागोमाग धावायचा. टरबूजवाला तर त्यांना लांबून पाहूनच हात जोडायचा.

अशा माणसावर इन्फ्रारेड मायक्रोस्कोप निवडायची वेळ आली. बारीकशा कणावर डोळ्यांना न दिसणारे किरण टाकून तो कशाचा बनलाय हे सांगणारं हे यंत्र. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंनी रेशनच्या तांदळातले वेगळे दिसणारे दाणे पुडीत आणले होते. "सर, गावात सारे प्लाष्टिक म्हणून राह्यले. मी तं वेचून फेकतो." सर म्हणाले होते, "शंका हाये नं? मंग फेकाच."

पण शंका सरांनाही झोपू देईना. त्यांनी तीन पुड्या केल्या: एकीत माझ्या घरचा तांदूळ, दुसरीत स्वतःच्या घरच्या प्लास्टिकच्या बादलीचा कान फोडून तांदळाएवढे घासलेले तुकडे, तिसरीत बाईंचे दाणे. पुड्यांवर नुसते आकडे. त्या घेऊन सर आणि मी, त्यांच्या हाताखालचा प्राध्यापक, नागपूरला यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांच्या दारी.

पहिल्या कंपनीचा माणूस गुळगुळीत कॅटलॉग उघडून बसला. सर म्हणाले, "फोटो नोको दाखवू, दाना पाह्य." त्यानं घाईघाईत पाहिलं आणि तिन्ही पुड्या उत्तम प्लास्टिक ठरवल्या. माझ्या घरचा तांदूळ! सर जिन्यावर बसून पोट धरून हसले.

दुसऱ्या यंत्राला थंड ठेवायला रोज द्रवरूप नायट्रोजन लागायचा. "भेटते नं, जनावराच्या दवाखान्यात!" म्हणत परतल्यावर सरांनी मला स्कूटरवर तिकडे नेलं. पशुवैद्य म्हणाले, "अहो, त्यात वळूचं बीज ठेवतो आम्ही. तुमच्या मशीनपायी तालुक्यातल्या गाई थांबवू काय?"

पुन्हा नागपूर गाठलं. तिसऱ्या कंपनीत एक तरुण मुलगी होती. यंत्राला नायट्रोजन नको होता, फक्त ते जरा सावकाश चालायचं. तिनं तासभर घेतला. मग म्हणाली, "एक आणि तीन तांदूळच. तिसरा पिठापासून घडवलेला दिसतो, पण तांदूळच. दोन नंबर मात्र... सर, घरी बादली फोडली काय?"

सरांनी तिथंच टाळी वाजवली. "हेच घ्यायचं!" अख्ख्या ऑफिसाला चहा पाजला.

कॉलेजात येऊन सरांनी बाईंना सांगितलं. तो लोह-जीवनसत्त्वं घालून रेशनच्या तांदळात पोषणासाठी मुद्दाम मिसळलेला दाणा होता. बाईंनी विचारलं, "मंग येवढे दिवस मी फेकला तो?"

"तांदूळच होता, बाई. मीच फेका म्हटलं. चुकलं माह्यं."

सरांना चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या गावी गेले, चावडीवर बसून साऱ्यांना समजावलं आणि त्याच तांदळाचा भात सगळ्यांदेखत दोनदा वाढून घेतला.

यंत्र आलं तेव्हा सर निवृत्त झाले होते. यंत्र सावकाश असलं तरी आता निकाल झटकन मान्य होतात, कुणी वाद घालत नाही. सरांच्या जागी निकालावर सही करताना माझा पेन उगाच थांबतो. शेजारून कुणीतरी "अजून एकदा पाह्य नं" म्हणावं, असं वाटत राहतं.