चपलांपाशी ठेवलेलं पुस्तक

"तुझा देव तिथं चपलांपाशी ठेव, मग आत ये."

शिनोलीच्या आबानं माझ्या बायकोला भर दुपारी, दारात उभं करून हे सांगितलं. आत त्याची सून अडली होती. घोडेगावच्या दवाखान्यात न्यायला यष्टी आली नव्हती. म्हणून आमची आठवण. एरवी त्या ओट्यावर आमची सावलीही चढू देत नव्हते.

रिबका सुईण होती. चार गावांत तिच्या हाताचं नाव. पिशवीत नवं ब्लेड, दोरा आणि तिचा नवा करार, बायबलचं छोटं पुस्तक. पुस्तकाला हात लावून देवाशी दोन शब्द बोलायची, मगच बाळंतिणीला हात लावायची. त्या दिवशी पुस्तक माझ्या हातात होतं.

आबा म्हणाला, "ऐकू येतंय का? घरात देव्हारा हाय."

रिबका हलली नाही. माझ्याकडं बघत राहिली. आत सून ओरडत होती. मी आबाच्या रानात कामाला. मी वाकलो आणि पुस्तक चपलांच्या ओळीत ठेवलं. माझ्या हातानं.

ती आत गेली. पोरीच्या गळ्याभोवती नाळ होती, पोर निळी पडलेली. तिनं सोडवली. पोर रडली तसा ओट्यावर गूळ वाटला. माझ्या ओंजळीत वरून टाकला. लगबगीत चपला घालताना कुणाचा तरी पाय पुस्तकावर पडला. रिबका बाहेर आली. पुस्तक उचललं, पदरानं पुसलं, आणि म्हणाली, "प्रभू या घराचं भलं करो."

वाटेत मी आबाला शिव्या घालत होतो. ती ऐकत चालली. मग म्हणाली, "अवो, आबा नुसता बोलला. ठेवलं तुमी."

तेवढंच. मरेस्तोवर पुन्हा नाही. पण मला ते पुरलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या रानातलं काम सोडलं. डिंभ्याला मासे धरले, कळंबला हमाली केली. त्याच्या बांधावर परत पाय ठेवला नाही.

पाचवीला सुईणीचा मान असतो. तिला बोलावलंच नाही. ती बसली होती ती जागा सारवून घेतली, वर गोमूत्र शिंपडलं. तरी दर रविवारी चर्चात ती त्या पोरीचं नाव घेऊन प्रार्थना करायची. मी शेजारी बसून आबाचं वाटोळं मागायचो.

पोर मोठी झाली. मग रिबका गेली. त्यानंतर दोन वर्षांनी आबा माझ्या दारात आला. चपला बाहेर काढून.

"काय भाऊ, बरा हायेस का?"

आयुष्यात पहिल्यांदा भाऊ.

त्या पोरीला आता परदेशी जायचं होतं. पासपोर्टला जन्माचा दाखला हवा, आणि जन्माची नोंद यांनी केलीच नव्हती. सुईण गेली, म्हणून तिथं हजर होता त्याचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. कागद टाईप करूनच आणला होता.

"फक्त हितं सही कर."

मी तिसरी शिकलेला. बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, कै. रिबकाबाई.

"हे कै. काय?"

"कैलासवासी. मेलेल्या माणसाला लिहित्यात, राव."

"जित्तेपणी तिचा देव चपलांपाशी. आन् मेल्यावर तिला तुमच्या कैलासात घेतली व्हय? ख्रिस्तवासी लिहा. आन् म्होरं लिहा, आत घ्यायच्या आधी तिचं पुस्तक चपलांपाशी ठेवायला लावलं. लावलं कुणी त्याचं नाव. ठेवलं कुणी त्याचं बी, म्हंजे माझं. मग सही."

आबा हसला. "सरकारी कागदावर असलं असतंय व्हय? येवढं धरून बसलास?" मी हसलो नाही. मग आवाज उतरवून म्हणाला, "रिबकाबाय असती तर तिनं लगीच सही केली असती."

"व्हय. पर ती न्हाई. मी हाय."

तो चपला घालायला वाकला. म्हातारा झालाय, लई वेळ वाकून होता. मी बघत उभा राहिलो. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पोरीवर माझा राग नाही. त्या दोन ओळी घालून कागद आणा, मी घोडेगावला कचेरीत चालत येईन. ओळी नसतील तर दाखला अडकून राहू दे. माफ करणं रिबकाचं काम होतं, ते ती संगं घेऊन गेली. माझ्याकडं राहिली माझी सही. ती मी कुणाच्या चपलांपाशी ठेवणार नाही.