भूगोलाच्या बाईंची मेटाडोर

कुणी गावाला जाऊन आलं की लोक विचारतात, काय काय पाहिलं. आमच्या भूगोलाच्या बाई विचारायच्या, "झोपलात कुठं?" मग खोली कशी होती, गादी कशी होती, रात्री शेजारून आवाज येत होते का, हे सगळं त्यांना नीट ऐकायचं असे. शाळेत असताना आम्हाला याचं हसू यायचं. पुढं मी हर्सूलला त्यांच्या शेजारीच घर घेतलं, तेव्हा त्या प्रश्नामागचं कारण कळलं.

कारण होता बंडू, बाईंचा धाकटा भाऊ. पन्नाशीला आलेला, पण बुद्धी चार वर्षांच्या पोरासारखी. आपल्या गादीशिवाय त्याला झोप येत नसे आणि अनोळखी माणसं जवळ आली की तो कानांवर हात ठेवून ओरडत राही. एकदा बाई त्याला एसटीनं पैठणला, मोठ्या बहिणीकडं घेऊन निघाल्या होत्या. बिडकीनलाच उतरावं लागलं. त्यानंतर त्या कुठं मुक्कामाला गेल्याच नाहीत. सगळं जग फळ्यावर काढून दाखवणाऱ्या बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्या शाळेच्या सहलीबरोबर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या बोलीवर अजिंठ्याला गेल्या. फर्दापूरला एका हॉटेलच्या मागं त्यांना एक जुनी मेटाडोर दिसली. हॉटेलवाल्याच्या वडिलांनी पर्यटकांसाठी ती हौसेनं करून घेतली होती. आत झोपायला फळी, हात धुवायची छोटी मोरी, खिडक्यांना पडदे. आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. लेणी राहिली बाजूला, बाई त्या गाडीपाशीच थांबल्या. बंडूची गादी त्या फळीवर बरोबर बसेल, असं त्यांच्या मनानं घेतलं.

गाडी ओढून शहरात आणली. पत्र्याचं काम करणारे रशीदभाई तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "बाई, इसमें पत्रा किधर है? नुसता गंज उरलाय. दुसरी घ्या, सस्ती पडंल." बाई म्हणाल्या, दुसरी नको. मग कित्येक वर्षं ते काम चाललं. खालचा पत्रा कापून नवा टाकला, तर दरवाजे बसेनात. दरवाजे बसले, तर इंजिनानं मान टाकली. सुटे भाग मिळत नव्हते, ते रशीदभाई घडवून घेत. गल्लीतलं कुणी ना कुणी विचारायचंच, "किती खर्च आला, बाई?" त्या शांतपणे सांगायच्या, "अजून येतोय."

त्यापायी त्यांनी घरामागचा आईनं ठेवलेला प्लॉट विकला. पैठणच्या बहिणीला तो मुलासाठी हवा होता. तिनं येणं बंद केलं, नंतर फोनही. बाई याबद्दल बोलत नसत. फक्त दिवाळीत फराळाचा एक डबा भरून ठेवायच्या आणि आठवड्यानं तो आमच्याकडं पाठवायच्या.

गाडी एकदाची तयार झाली. बाईंनी बंडूची गादी आत घातली, त्याची निळी चादर पसरली. बंडू आत जाऊन खुशाल आडवा झाला, पडदे सरकवून बघू लागला. रशीदभाईंनी किल्ली फिरवली. त्या डिझेल इंजिनाची धडधड सुरू झाली आणि बंडू किंचाळला. पत्र्यावर डोकं आपटू लागला. कपाळ फुटलं. बाईंनी स्वतः हात घालून किल्ली बंद केली, पदरानं त्याचं कपाळ दाबून धरलं आणि रशीदभाईंना म्हणाल्या, "काम चांगलं झालंय हो." रशीदभाईंना तिथं उभं राहवेना.

गाडी अंगणातच राहिली. बंडू मात्र रोज तिच्यात झोपू लागला. इंजिन बंद असलं की त्याला त्या जागेइतकं काहीच आवडत नसे. बाई पायरीवर बसून त्याला दूधभात भरवत. समुद्राचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मग मागच्या वर्षी त्यांनी मला बॅटरी भरून आणायला सांगितलं. रोज सकाळी त्या बंडूचा हात धरून आत बसत आणि मला क्षणभर इंजिन चालू करायला लावत. तो ओरडला की बंद. हळूहळू तो नुसता थरथरू लागला, मग तेही थांबलं. मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. एका सकाळी आम्ही थेट हर्सूल तलावापर्यंत गेलो. बंडू पाण्याकडं बघून हसत होता. मी म्हणालो, बाई, आता उन्हाळ्यात कोकणात जाऊ, गाडी मी चालवतो.

बाईंनी बंडूच्या शर्टाचं बटण लावलं. मग म्हणाल्या, "मला कुठं जायचं नाही रे. त्याला जायचंय."

तिथं त्यांनी मला आजाराचं सांगितलं. दुखणं पोटाचं होतं आणि डॉक्टरांनी फार आशा दिलेली नव्हती. पैठणच्या रस्त्याला अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथं त्या बोलून आल्या होत्या. गाडी आवारात उभी करायला संस्थावाले तयार होते. "दोरीनं बांधून, ओरडत नेलेला मला चालणार नाही," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यापासून त्या गाडीत बसेनाशा झाल्या. फाटकात उभ्या राहून हात हलवायच्या. आम्ही चक्कर मारून आलो की तिथंच असायच्या. बंडूला तेही सवयीचं झालं.

थंडी संपता संपता बाई गेल्या. पैठणची बहीण आली, खूप रडली. पण बंडूला नेण्याचं कुणी बोललं नाही. दहाव्यानंतर मी त्याला घेऊन निघालो. चितेगाव मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "ताई?" मी म्हणालो, "ताई घरी." त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि बाहेरचा ऊस बघत बसला. ओरडला नाही. बाईंना हवं होतं तसंच सगळं झालं.

संध्याकाळी गाडी संस्थेच्या आवारात ठेवून मी एसटीनं परत निघालो, तेव्हा तो गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसला होता.

मी सुट्टीच्या दिवशी जातो. मला पाहिलं की तो स्टिअरिंगकडं बोट करून म्हणतो, "घरी." मी गाडी चालू करतो, आवाराला एक फेरी मारतो आणि होती तिथं आणून उभी करतो. तो पडदा सारून बाहेर बघतो, फाटकाकडं. थोडा वेळ बघतो. मग आपणच पडदा ओढून घेतो आणि गादीवर जाऊन पडतो.