जम्बोने घेतलेला निवद

देवावर मी चिडलेली होते, हे आधीच सांगायला हवं. भक्तीचा अनुभव लिहायचा आणि सुरुवात रागाने करायची, हे बरं दिसत नाही. पण त्या दिवसांत देवाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

जम्बो माझ्याकडे आला तो बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून. ग्रेट डेन जातीचा कुत्रा, मागच्या पायांवर उभा राहिला तर माझ्याहून उंच. कोळवणच्या बाजूला शहरातल्या कोणीतरी फार्महाउसची शोभा म्हणून त्याला आणलं होतं. पुढे तो खाल्लेलं बाहेर टाकू लागला, गालिचे खराब होऊ लागले, तेव्हा त्याला फाटकाला बांधून ती माणसं निघून गेली. फाटकाच्या आत नव्हे, बाहेर. त्याची अन्ननलिका सैल पडलेली आहे, ती अन्न पुढे ढकलत नाही. म्हणून त्याला उभ्यानेच भरवावं लागतं, मऊ गोळे करून, आणि नंतर अर्धा तास तसाच उभा धरून ठेवावा लागतो, म्हणजे अन्न आपल्या वजनाने पोटात उतरतं. नाहीतर ते उलटून फुप्फुसात जातं. हे बरं होणारं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. निवाऱ्यात पिल्लं निवडायला येणारे लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे आणि पुढे जायचे. मला त्या फोटोंचा राग आला, आणि त्या रागातच मी त्याला घरी आणलं.

घर म्हणजे हिंजवडीतल्या इमारतीतला फ्लॅट. तिथल्या कमिटीने महिनाभरात मला बाहेर काढलं. "मॅडम, लिफ्ट माणसांसाठी आहे," असं मला सांगणारे गृहस्थ त्याच लिफ्टमधून आपली मोटरसायकल वर नेत असत. मग पौडच्या अलीकडे एका गावात मला खोली मिळाली. घर काकींचं, म्हणजे मालकीणबाईंचं, आणि त्यांच्या थोरल्या दिरांचं. दिरांना सगळं गाव तात्या म्हणतं. निम्मी जमीन बंगल्यांच्या वसाहतीला विकून झाली होती, उरलेल्या निम्म्यात भात, आणि मागच्या खोल्या भाड्याने.

मी मुळातच कमी बोलते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे चारचौघांत मराठी शब्द चुकेल अशी भीती, आणि इंग्रजी बोलले तर शिष्ट म्हणतील अशीही भीती. त्यामुळे गावात मी फक्त मान हलवायची. सकाळ-संध्याकाळ जम्बोचे पुढचे पाय ओट्याच्या कठड्यावर ठेवून भरवायची आणि मग मागून त्याच्या छातीला मिठी मारून उभी राहायची. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतली माणसं माना वळवून बघत. त्या अर्ध्या तासात मी देवाशी भांडायची. आमचं कुलदैवत खंडोबा. आईने दिलेल्या चांदीच्या टाकात देव घोड्यावर बसलेला आहे आणि खाली त्याचा कुत्रा आहे. मी मनात म्हणायची, तुझ्या पायाशी एक आहे ना? मग याच्याकडे बघायला तुला काय होतं? माझी प्रार्थना ती एवढीच.

मार्गशीर्ष लागला आणि एका सकाळी जम्बो माझ्या हातातून निसटला. तात्यांच्या दारात जाऊन त्याने सगळं बाहेर टाकलं. तोंडाला फेस, लाळ गळतेय, एवढं मोठं जनावर. अंगणात बायका किंचाळल्या.

"पिसाळलंय त्ये!" तात्या काठी घेऊन बाहेर आले.

"नाही तात्या, त्याला इंजेक्शनं दिलीयेत. त्याला गिळता येत नाही, म्हणून..."

"गिळता येत न्हाई तर पाळलंस कशाला? हत्तीचा खर्च आन् उंदराचं पोट. चंपाषष्ठीपतुर ऱ्हाऊ दे. देवाचा दिवस झाला की दुसऱ्या सकाळी हे घोडं हितं दिसता कामा नये. दिसलं तर मग मी माज्या पद्धतीनं बघीन."

त्यांची पद्धत गावात सगळ्यांना माहीत होती. भाकरीत काहीतरी कालवलं जायचं. मी निवाऱ्याला फोन केला, तिथे जागा नव्हती. ओळखीतल्या प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली आणि विषय बदलला. खोल्या दाखवणारे कुत्र्याचं वजन ऐकून फोन ठेवत.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. बंगल्यांच्या वसाहतीने तक्रार केली आणि एक गाडी येऊन गावातली सगळी कुत्री उचलून घेऊन गेली. शस्त्रक्रिया करून परत सोडतो म्हणाले. एकही परत आलं नाही. मी विचारायला गेले तर वसाहतीच्या पहारेकऱ्याने फाटकसुद्धा उघडलं नाही. तात्या म्हणाले, "बरं झालं, लई कोकलत व्हती." मला इतका संताप आला की मी दोन दिवस टाकासमोर दिवाही लावला नाही.

चंपाषष्ठीला मी खोलीचं दार आतून लावून बसले होते. बॅग भरलेली होती. सकाळी कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. बाहेर तळी उचलल्याचा आवाज आला, पाच जणांनी ताम्हन वर धरून केलेला येळकोटाचा गजर आला, भंडाऱ्याचा वास दाराच्या फटीतून आत आला. मग बराच वेळ शांतता. मग कुजबुज. मग दारावर काकींची थाप.

"पोरी, सोड की त्याला जरा बाहेर."

मला काही कळेना. काकींनी सांगितलं तेव्हा उलगडलं. या घरात चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा निवद आधी कुत्र्याने खायचा. त्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. तात्यांना तर सहा दिवसांचे उपास होते. निवदाचं पान घेऊन माणसं गावभर फिरून आली होती, आणि अख्ख्या गावात कुत्रं नव्हतं. होता तो एक जम्बो.

मी बाहेर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांसमोर मोठ्याने बोलले. "नाही. उद्या त्याला मारणार, आणि आज त्याच्याशिवाय तुमचं जेवण अडलंय? त्याला रोडगा गिळता येत नाही. घशाशी अडकेल. मी देणार नाही."

"देवाच्या निवदाला न्हाई म्हनतीस?" तात्यांचा आवाज चढला.

"हो, म्हणते."

नेमका त्याच वेळी अंगणात एक मोटरसायकल येऊन थांबली. उतरणाऱ्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी होती, हातात कोटंबा, म्हणजे भिक्षेचं लाकडी पात्र, आणि पाठीला दिमडी. तो वाघ्या होता, म्हणजे नवसाने खंडोबाला वाहिलेला, स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवणारा. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. त्याला जायचं होतं पुढच्या गावी, फाटा चुकून तो इकडे वळला होता. एरवी तो हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो, हे मला मागाहून कळलं.

तात्यांचा चेहरा उजळला. "या, या! देवच पावला. वाघ्यानं खाल्लं म्हंजी कुत्र्यानंच खाल्लं. वाढा गं यांना."

वाघ्या पानावर बसायला वाकला आणि त्याला दारात उभा जम्बो दिसला. तो तसाच सरळ झाला.

"आवो, हा दारात उभा आसताना मी कसा बसू? मी नवसाचा. हा जलमाचा. आधी त्यो."

"त्याला गिळता येत न्हाई म्हनतीया ही."

"मग कसं खातो त्यो, ताई?" त्याने मला विचारलं. इतक्या महिन्यांत त्या अंगणात हे मला कोणीच विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. काकींनी रोडगा दुधात कुस्करून लापशीसारखा केला, त्यात भरताचं बोट लावलं. वाघ्याने ते कोटंब्यात घेतलं आणि कठड्यापाशी उंच धरलं. जम्बोने सवयीप्रमाणे पुढचे पाय कठड्यावर ठेवले, मान वर केली आणि हळूहळू सगळं चाटून संपवलं. गर्दीतून कोणीतरी येळकोट म्हटलं.

"आता जेवायचं?" तात्या.

"अर्धा तास थांबावं लागेल," मी म्हटलं. "उलटलं तर?"

निवद उलटला तर काय, याचा विचार सगळ्यांच्याच मनात एकदम आला असावा, कारण कोणी हललं नाही. वाघ्याने दिमडी वाजवायला घेतली. मी जम्बोला मिठीत धरून उभी. गर्दीला आणि आवाजाला तो बिचकत होता, सगळं अंग माझ्यावर टाकत होता. माझी मिठी सुटायला लागली. त्या क्षणी मी भांडले नाही. भांडायला शक्तीच उरली नव्हती. मनात एवढंच आलं की, मला आता हा धरवत नाही, तू धर.

आणि मागून कोणीतरी जम्बोच्या कमरेखाली आपली मांडी लावली. जडसा श्वास, भंडाऱ्याने माखलेले हात. तात्या होते.

"सरळ धर की. सा दिवसांचा उपास हाय माजा. ह्यानं वकलं तर मी मेलो उपाशी."

अंगण हसलं. मीही हसले आणि रडलेही. जम्बोने काही उलटलं नाही. शेवटी त्याने तात्यांच्या कानापाशी मोठा ढेकर दिला. "आयला, जेवला की रं!" असं म्हणून त्यांनी आपल्याच हाताचा भंडारा त्याच्या कपाळाला पुसला. मग वाघ्या जेवला, मग घर जेवलं. दुसऱ्या सकाळी बॅग घेऊन निघाले तर तात्या ओट्यावर बसले होते. "कुटं चाललीस? देवाचं कुत्रं घेऊन?" एवढंच म्हणाले.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. आजारी प्राणी म्हणून ज्याला काठी दाखवली, त्याला देवाचा म्हटल्यावर मान मिळावा, हे मला आजही खुपतं. गावातल्या बाकीच्या कुत्र्यांचं काय झालं ते कोणी सांगत नाही, आणि मी विचारणं सोडलेलं नाही. वाघ्याचा फाटा त्या दिवशी का चुकला, यावरही मला वाद घालायचा नाही. रस्ते चुकतात. मला फक्त एवढं ठाऊक आहे की माझ्या हातांतलं बळ संपलं तेव्हा भार उचलला गेला, आणि तो उचलणारे हात ज्यांची मला सगळ्यात जास्त भीती होती त्यांचे होते. शरण जायचं म्हणजे राग गिळायचा, असं मला वाटायचं. मला जमलं ते एवढंच, की एकटीने धरून ठेवायचा हट्ट सुटला.

ऑफिसातून येताना हिंजवडीच्या वाहतुकीत मला उशीर झाला की आता तात्या फोन करतात: "आगं, ह्याला मी धरून उभा हाय, माजं गुडघं गेलं, ये लवकर." मी पोचते आणि पुढचा वेळ धरते. हात जोडायला मोकळे नसतात, दोन्ही त्याच्या छातीभोवती असतात. देवाने ते चालवून घेतलंय, असं मी मानते.