अंबूवहिनींची फिरती परात

आमच्या महाडच्या दुकानातल्या ढलप्या रोज झाडून निघायच्या, किस्से मात्र साचतच गेले. मी सुतार, हसनचाचा लोहार. अधू हातांसाठी स्वयंपाकाची अवजारं करणारे म्हणून आमचा बोभाटा झाला, तो पोलादपूरच्या अंबूवहिनींमुळे!

*

वहिनींचा उजवा हात लकव्यानं गेलेला. त्यांचे यजमान गणपतराव दुकानात येऊन म्हणाले, "कायतरी करा. आई माझ्यासाठी दुसरी बायको बघतेय. हिला भाकरी जमत नाय म्हणते."

मी हादरलोच! भाकरीपायी बायको बदलायची?

*

आधी केली चिरायची फळी. मधोमध दोन खिळे, टोकं वर. गणपतराव ती बघून पांढरेफटक पडले.

"अहो, एक हात आधीच गेलाय तिचा!"

चाचानं खिळ्यांवर वांगं रोवलं आणि त्यांच्या डाव्या हातात सुरी दिली. "कापा." वांगं जागचं हललं नाही. फळी काखोटीला मारून गणपतराव निघाले.

*

भाकरी एका हातानं थापायची, दुसऱ्यानं फिरवायची. तो दुसरा आणायचा कुठून? आम्ही परात फिरत्या पाटावर बसवली आणि पायानं ढकलायची दांडी जोडली. "डिझाइन फर्स्टक्लास!" चाचा म्हणाला.

पोलादपुरात वहिनींनी पायानं दांडी ढकलली, तशा त्यांच्या सासूबाई किंचाळल्या, "अन्नाला पाय लावता? मेल्यांनो!"

एवढं साधं आमच्या ध्यानात येऊ नये! तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाल्या, "आत्याबाय, विळीवर पाय ठेवूनच चिरता ना तुमी?"

तरी आम्ही घाबरून दांडी गुडघ्याशी आणली.

*

आठवड्यानं दांडी घट्ट करायला मी एकटाच गेलो, तर ओटीवर पानं मांडलेली. सासूबाईंनी एका मुलीच्या बापाला बोलावलं होतं, सोयरीक पक्की करायला! वहिनी आत चुलीपाशी. मलाही पान वाढलं, पण मी ते बाजूला सारलं. संताप आला होता मला.

पाहुण्यांनी मात्र तीन भाकऱ्या हाणल्या. "अशी मऊ भाकरी आमच्याकडं पण होत नाय. केली कुणी?"

गणपतराव म्हणाले, "माझ्या बायकोनं."

"तिचा तर हात गेलाय ना?"

दाराआडून वहिनी म्हणाल्या, "एक हाय की. आणखी वाढू?"

पाहुण्यांनी चौथी भाकरी घेतली, निवांत संपवली, हात धुतले आणि सासूबाईंना विचारलं,

"मग माझी पोरगी हितं येऊन करणार काय?"